नऊ ते पाचचं ऊन

माझ्या धाकट्या भावाची लॉन्ड्री अंधेरी पूर्वेला, एका औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथे घरगुती कपडे येत नाहीत. जुहूच्या गल्ल्यांमधली पाच छोटी हॉटेलं आपल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल तिथे पाठवतात. या कामाचं वेळापत्रक भावाने ठरवलेलं नव्हतं. हॉटेलातला पाहुणा अकरा-बाराला खोली सोडतो, तेव्हा चादर निघते. टेम्पो पाची ठिकाणचे गठ्ठे घेऊन तीनच्या सुमारास शेडवर पोचतो. तीनला धुणं सुरू व्हायचं, पाचला रोलर तापायचा आणि दहापर्यंत इस्त्री आणि घड्या उरकायच्या. सकाळी सातच्या आत गठ्ठे हॉटेलांत परत. सोळा वर्षं हे असंच चाललं.

रोलर म्हणजे विजेवर तापणारं, आडवं बसवलेलं लांब नळकांडं. एका बाजूने दोघींनी धुतलेली चादर ताणून आत द्यायची. दुसऱ्या बाजूने ती सपाट आणि चटका बसेल इतकी गरम बाहेर येते. तिथे उभ्या असलेल्या दोघींनी ती गरम असतानाच घडी करायची, कारण थंड झाली की घडी बसत नाही. धुण्याच्या मशीनला वीज लागतेच, पण खरी वीज खातात ती टॉवेल सुकवण्याची यंत्रं आणि हा रोलर. लॉन्ड्रीच्या खर्चात पगारांच्या खालोखाल विजेचं बिल होतं. काही महिने ते पगारांच्याही वर गेलं होतं.

संध्याकाळच्या पाळीत सात बायका होत्या. त्यांतली सर्वांत जुनी बाई पहिल्या वर्षापासून रोलरवर होती. तिला सगळे मावशी म्हणत, भाऊसुद्धा. ती घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहते. सकाळी सात ते दुपारी दोन मरोळच्या इमारतींत चार घरी स्वयंपाक करायची, मग घरी जाऊन नवऱ्याला जेवू घालायची आणि पाचच्या आधी शेडवर हजर व्हायची. नवरा सहा वर्षांपूर्वी बांधकामावर पडला, तेव्हापासून तो अंथरुणावर आहे. घरकामाच्या पैशांत भाडं आणि किराणा भागायचा. नवऱ्याची औषधं आणि मुलीच्या नर्सिंगची फी लॉन्ड्रीच्या पगारातून जायची. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी विचारलं म्हणून.

मी तेव्हा एका वृत्तपत्राच्या अर्थपानावर उपसंपादक होते. छपरावर सौर पॅनेल लावून स्वतःची वीज तयार करणाऱ्या छोट्या कारखान्यांबद्दलचा एक लेख माझ्या हाताखालून गेला. हिशेब सोपा होता. कारखान्याला मिळणारी वीज महाग असते, घराच्या विजेपेक्षा महाग. छपरावरची वीज पॅनेलचा खर्च वर्षांवर वाटला तर तिच्या निम्म्यात पडते. जी वीज त्या क्षणी लागत नाही ती वीज कंपनीच्या तारांत जाते, मीटर ती मोजतो आणि महिन्याच्या शेवटी ती वापरातून वजा होते. म्हणजे दिवसा दिलेलं युनिट रात्री परत घेता येतं. लेखात साडेचार वर्षांत पैसे वसूल होतात असं गणित मांडलं होतं. मी ते तपासलं. बरोबर होतं. लेख आठ ओळी जास्त भरत होता, म्हणून मी काही वाक्यं छाटली. त्यांत ‘सध्याच्या नियमांनुसार’ हे दोन शब्दही गेले. ते दोन ठिकाणी आले होते आणि दोन्ही ठिकाणी भरतीचे वाटले होते.

लेख छापून आला त्या रविवारी भाऊ बोरिवलीला माझ्याकडे आला.

“ताई, तुझ्या पानावरचं ते छपरावरच्या विजेचं, खरंय ना? की जाहिरात आहे?”

“आकडे तपासलेत.”

“कोणी? तू?”

“मी.”

“मग झालं,” तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

चार महिन्यांत शेडच्या पत्र्यावर पॅनेल बसली. कर्जाचा हप्ता आणि वाचलेलं बिल जवळपास सारखं होतं, म्हणजे खिशातून काही जात नव्हतं. दुपारी बारा वाजता शेडमध्ये कोणी नसायचं. मशीन बंद, पंखे बंद, वॉचमन दारात पेपर वाचत बसलेला. वर पॅनेल पूर्ण जोरात वीज करत असायची आणि ती सगळी बाहेर जायची. भावाला त्याचं काही वाटत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मीटर दाखवायचा. “दुपारी मी कंपनीला देतो, संध्याकाळी कंपनी मला देते. नातं झकास आहे.” मावशीने एकदा विचारलं होतं, “शेठ, वर एवढं ऊन पितात त्या काचा, मग रोलर थोडा लवकर तापेल का हो?” बायका हसल्या. भावाने तिला पाच मिनिटं मीटर समजावून सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे दुपारचा भात संध्याकाळी फोडणीला.” यापेक्षा सोपं स्पष्टीकरण मला आमच्या पानावर देता आलं नव्हतं.

दोन वर्षांनी नियम बदलला. बदल एका ओळीचा होता. दिवसा, नऊ ते पाच या वेळात कंपनीला दिलेली वीज आता त्याच वेळातल्या वापरातून वजा होणार होती. संध्याकाळी वापरलेल्या युनिटचा पूर्ण दर लागणार, आणि संध्याकाळचा दर दिवसापेक्षा चढा असणार. दिवसाची उरलेली वीज वर्षाच्या शेवटी कंपनी विकत घेणार, पण जो भाव देणार तो भाजीवाला संध्याकाळी उरलेल्या पालकाला लावतो तसा.

नियमामागचा विचार चुकीचा नव्हता, हे इथे नोंदवलं पाहिजे. दुपारी सगळ्यांचीच पॅनेल चालतात आणि वीज जास्त होते. संध्याकाळी सूर्य जातो, लोक घरी येतात आणि वीज कमी पडते. दुपारचं युनिट आणि संध्याकाळचं युनिट यांची किंमत खरोखर सारखी नाही. ज्यांचे कारखाने नऊ ते पाच चालत होते त्यांना या बदलाने फारसा फरक पडला नाही. काहींना फायदाही झाला. भावाचा रोलर मात्र पाचला तापायचा.

पहिलं नवं बिल आलं तेव्हा त्याने मला शेडवर बोलावलं. घडीच्या टेबलावर बिल पसरलं होतं.

“वाच. तुला ही भाषा येते.”

मी वाचलं. वरच्या रकान्यात दिवसाची भरपूर वीज जमा दिसत होती आणि तिच्यासमोर वापर अगदी थोडा, धुण्यापुरता. खालच्या रकान्यात संध्याकाळचा वापर, पूर्ण दराने.

“चूक आहे ना काहीतरी?”

“नाही.”

“नीट बघ ना ताई. वर एवढी जमा आहे आणि खाली एवढं बिल. एकाच माणसाचं आहे हे.”

“जमा दिवसाची आहे. बिल संध्याकाळचं आहे.”

त्याने बिल पुन्हा स्वतःकडे ओढलं. “तुझ्या त्या लेखात हे होतं का?”

नव्हतं, असं मी म्हणाले. मूळ लेखात होतं आणि मी काढलं, हे सांगायला मला आणखी दोन आठवडे लागले. सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. “दोन शब्द असते तरी मी वाचले नसते गं,” तो म्हणाला. बहुधा ते खरं होतं. त्याने मला बरं वाटलं नाही.

आता दर महिन्याला हप्ताही होता आणि जवळजवळ जुन्याएवढं बिलही. हॉटेलांकडून दर वाढवून मिळणं शक्य नव्हतं, कारण भिवंडीहून येणारी एक मोठी लॉन्ड्री आधीच कमी दर सांगत फिरत होती. भावाने कागदावर मांडलं तेव्हा उत्तर आठ महिने आलं. आठ महिन्यांनंतर पगार निघणार नव्हते. म्हणजे सातही बायका जाणार, टेम्पोवाला जाणार आणि तोही.

त्याने आधी बॅटरीचा भाव काढला. बॅटरी विकायला आलेला तरुण म्हणाला, “सर, कपाटच समजा. दुपारचं ऊन ठेवायचं, संध्याकाळी काढायचं.” कपाटाची किंमत पॅनेलपेक्षा जास्त होती. शिवाय शेडमध्ये सुती धागे उडतात आणि उष्णता असते, तिथे ती ठेवायला विमा कंपनी तयार नव्हती. तो तरुण गेल्यावर भाऊ घडीच्या टेबलावर बोटं वाजवत राहिला. मग म्हणाला, “बॅटरीपेक्षा चादर स्वस्त आहे.”

त्याचं म्हणणं असं होतं. प्रत्येक हॉटेलाकडे चादरींचे तीन जोड असतात. एक बिछान्यावर, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात. सोमवारी दुपारी आलेला जोड सोमवारीच धुवायचा अट्टहास सोडला आणि मंगळवारी नऊ ते पाचमध्ये धुतला, तर सगळी वीज छपरावरची. जोड मंगळवारी संध्याकाळी परत जाईल, बुधवारी वापरता येईल. फक्त मधल्या दिवशी हॉटेलाचं कपाट रिकामं राहील. त्यासाठी चौथा जोड हवा. चौथा जोड हीच बॅटरी. मी ते दोनदा तपासलं. या वेळी नियमाची प्रतही समोर ठेवली. बरोबर होतं.

जुहूला सर्वांत जुन्या हॉटेलात मी त्याच्याबरोबर गेले. तिथला हाऊसकीपिंगचा प्रमुख वेंगुर्ल्याकडचा, आमच्याच बाजूचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“अरे मेल्या, म्हणजे तुझी वीज वाचवायला मी चादरी घेऊ?”

“तुम्ही नका घेऊ. कपाट एक दिवस रिकामं राहू द्या.”

“आणि रात्री वऱ्हाड आलं तर? एखाद्याने बिछान्यावर चहा सांडला तर? पाहुण्याला काय सांगू, थांबा, उद्या ऊन पडलं की चादर येईल?”

“मग चौथा जोड मी घेतो,” भाऊ म्हणाला.

प्रमुखाने माझ्याकडे पाहिलं. “भाऊ तुमचा हुशार आहे ताई. पण चादर त्याची आणि बिछाना आमचा, फाटली तर कोण भरणार?”

“मीच,” भाऊ म्हणाला.

असं पाचही ठिकाणी झालं. नव्या ड्रायरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत पाच हॉटेलांचा चौथा जोड आला. गठ्ठे शेडमध्ये उतरवले तेव्हा भाऊ माझ्याकडे बघून हसला. अनेक महिन्यांत पहिल्यांदा. गणितात आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती गणितात नव्हती म्हणून आम्हा दोघांच्याही लक्षात आली नव्हती. नऊ ते पाच काम करायला माणसं नऊ ते पाच यायला हवी होती.

त्याने सातही जणींना एकत्र बोलावलं. पगार तोच, काम तेवढंच, फक्त वेळ बदलणार, असं सांगितलं. त्याला वाटलं होतं त्या खूश होतील. रात्री दहाला घरी जाण्यापेक्षा पाचला जाणं कोणाला नको असेल?

“शेठ, सकाळी नऊला आम्ही कुठे असतो ठाऊक आहे का तुम्हाला?” एकीने विचारलं.

त्याला ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं तो त्यांना पाचनंतर भेटत होता. सातांपैकी पाच जणी सकाळी दुसऱ्यांच्या घरी कामाला होत्या. लॉन्ड्री त्यांची दुसरी नोकरी होती, आणि पहिली सोडून दुसरी धरली तर घर चालणार नव्हतं.

“त्यापेक्षा उन्हालाच सांगा ना जरा उशिरा यायला,” दुसरी म्हणाली. “आमच्यासाठी एवढं करेल की ते.”

“सूर्य कुठे कोणाच्या घरची भांडी घासायला जातो? त्याला काय, नऊला हजर,” पहिली म्हणाली. बायका हसल्या. भाऊ हसला नाही. मावशीही हसली नाही. ती म्हणाली, “शेठ, संध्याकाळी काहीच नाही का?”

तो आठवडाभर त्याच प्रश्नावर होता. विजेशिवाय संध्याकाळी होण्यासारखं काम एकच होतं, टॉवेलच्या घड्या. चादर रोलरमधून निघताच घडी करावी लागते, टॉवेल थांबू शकतो. रोज दोन तास, दोघींपुरतं. तिथे मावशीला ठेवायचं त्याने ठरवलं. ती म्हणाली, “दोन तासांच्या पैशांत माझं काही होत नाही. आमच्यातल्या दोघींची पोरं लहान आहेत, त्यांना द्या.” दोघींना टॉवेल मिळाले. ज्या दोघींना सकाळचं काम नव्हतं त्या दिवसाच्या पाळीत आल्या. तिघी उरल्या. मावशी त्यांत होती.

“मावशी, मी काय करू, तुम्हीच सांगा,” भाऊ तिला माझ्यासमोर म्हणाला.

“तुम्ही बंद केलंत तर सातही जाणार. आता तिघी जातो. मला कळतं हिशेब,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “ताई, तुम्ही पेपरात आहात. लिहा ना काहीतरी. वेळ तरी थोडी इकडे-तिकडे करतील.”

मी लिहिलं. साडेतीनशे शब्द, नावं न देता. वृत्तसंपादकाने वाचून विचारलं, “वीजदराची बातमी आहे की कामवाल्या बायकांची?” दोन्ही, असं मी म्हणाले. “मग कुठल्या पानावर लावू?” त्याचा प्रश्न रास्त होता. त्याच्या जागी मीही तोच विचारला असता. मजकूर चार दिवस थांबला आणि मग शिळा झाला. मावशीने मला नंतर कधी विचारलं नाही.

रोलरवर नव्या दोघी ठेवल्या. साकीनाक्याच्या, पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात होत्या, पण रोलर त्यांनी पाहिला नव्हता. जुन्या दोघी घड्यांच्या बाजूच्या. रोलरमध्ये चादर देणं त्यांनाही नीट येत नव्हतं. शिकवणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा भाऊ मला म्हणाला, “मी तिला कसं विचारू?” शेवटी त्याने विचारलं. मावशीने चार घरांतून एक दिवस सुट्टी घेतली आणि मंगळवारी सकाळी नऊला शेडवर आली. मीही गेले होते. दिवसाच्या उजेडात तिला शेडमध्ये मी प्रथमच पाहत होते. तीही वर पत्र्याकडे पाहत होती.

“कोपरा आधी द्यायचा नाही गं. कोपरा आधी गेला की चादर पळते. मधला भाग टेकवायचा, मग दोघींनी एकदम सोडायचं. एकदम! नवरा-बायकोसारखी ओढाओढ कशाला करता?”

नव्या दोघी लाजल्या, मग शिकल्या. दुपारपर्यंत चादरी सरळ यायला लागल्या. मावशी दोन्ही बाजूंना फिरत होती. बाहेर आलेल्या प्रत्येक चादरीवरून हाताची उलटी बाजू फिरवत होती. शिकवण्यामुळे काम मागे पडलं. पाच वाजले तेव्हा बारा चादरी शिल्लक होत्या. मशीनमधून पिळून निघालेल्या, दमट.

भाऊ मेन स्विचपाशी येऊन उभा राहिला. “थांबा आता. रोलर बंद करतो.”

“बारा राहिल्यात शेठ,” मावशी म्हणाली.

“उद्या नऊला पहिल्या याच घेऊ.”

“दमट चादर रात्रभर ठेवत नाहीत. वास धरते. मी कधी ठेवली नाही.”

“माहीत आहे.”

“वीस मिनिटांचं काम आहे. पैसे नका देऊ.”

भावाने घड्याळाकडे पाहिलं, मग नव्या दोघींकडे. त्या पदर झटकत त्याच्याकडेच बघत होत्या. बारा चादरींना फार वीज लागली नसती. मला ते माहीत होतं आणि त्यालाही. पण आज पाचनंतर रोलर चालला तर उद्या साडेपाचपर्यंत चालेल, परवा सहापर्यंत, आणि मग चौथा जोड घेऊन उपयोग काय, हेही आम्हा दोघांना माहीत होतं.

“पहिला दिवस आहे, मावशी,” तो म्हणाला. “पाच म्हणजे पाच, हे त्यांना आजच कळू दे.”

त्याने स्विच खाली केला. रोलर आणखी दोन-तीन फेऱ्या फिरला आणि थांबला. मावशीने एकेक करून बाराही चादरी उचलल्या, ट्रॉलीत सैल पसरून ठेवल्या, म्हणजे मध्ये हवा राहील. वरून प्लास्टिक टाकायला नव्या दोघींपैकी एक पुढे झाली तेव्हा मावशी म्हणाली, “झाकू नकोस गं. उघड्याच राहू दे.” मग तिने हात धुतले, पिशवी घेतली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेली. बाहेर अजून ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी ऑफिसमधून भावाला फोन केला.

“त्या चादरींचं काय झालं?”

“वास आला. बाराही परत धुतल्या.”

“परत म्हणजे पाणी, साबण, सगळं?”

“सगळं. साबण गेला थोडा,” तो म्हणाला. मागे मशीन चालू होत्या, त्यामुळे तो मोठ्याने बोलत होता. “पण नऊनंतर धुतल्यात, ताई. बिलात दिसणार नाही.”